जाऊबाईंच्या बोटांना गुण कशाने आला

माझी थोरली जाऊ रोसांदा. तिच्या बोटांना गुण कशाने आला, हे आमच्या अरिल्ये गावात कुणालाही विचारा. जो तो छातीठोकपणे सांगेल, आणि जो तो वेगळं सांगेल. मी तिच्या भिंतीला भिंत लावून, एकाच अंगणात उभा जन्म काढला, तरी मला नीट सांगता येणार नाही. मधे एकदा वाटलं होतं की आता सगळं कळलं. त्या दिवसापासून गोंधळ जास्तच वाढला.

आधी ती बोटं कसली होती ते ऐका. लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यापासून पेन्शन लागेपर्यंत रोसांदाने कोल्ड स्टोरेजमध्ये रासबेरी निवडली. गोठलेली फळं पट्ट्यावरून गारांसारखी खडखडत यायची, आणि त्यातलं पान, देठ, चिरडलेलं फळ डोळ्याचं पातं लवायच्या आत उचलायचं. हातमोज्यातून फळ कळत नाही म्हणून ती उजव्या हाताचा मोजा काढून कमरेला खोचायची. मुकादम ओरडायचा, ती ऐकायची नाही. ऐकून घेणं हा गुण देवाने आमच्या जाऊबाईंना दिलाच नव्हता. मी ह्या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या हातची कणीक बोटाने दाबून म्हणाली, "कोविल्का, ह्याचा पाव नाही होणार, वीट होईल. तू कांदे चीर." तेव्हापासून मी कांदेच चिरते आहे.

पाव म्हणजे रोजचा पाव नव्हे. आमच्या घराचा संत निकोला. डिसेंबरात त्याचा दिवस येतो, ती आमची स्लावा, म्हणजे घरच्या संताचा सण, आणि त्या दिवसाचा पाव घरच्या बाईने आपल्या हाताने मळायचा. उपासाचे दिवस असतात, म्हणून अंडं नाही, दूध नाही. वर कणकेचीच वेलबुट्टी, मधोमध लाकडी ठशाची छाप. आमंत्रण कुणालाच द्यायचं नाही; ज्याला यायचं तो येतो आणि जेवून जातो. रोसांदाचा पाव बघायला खालच्या आळीतल्या बायका यायच्या आणि बघून झाल्यावर नाकं मुरडायच्या, म्हणजे पाव उत्तम झालेला असायचा.

आमचे दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही गेले. मला मूलबाळ नाही. तिचा एकच मुलगा, नेबोयशा, ऑस्ट्रियात लिन्झला फरशा बसवायचं काम करतो. संत बापाकडून मुलाकडे जातो अशी रीत आहे. पाव मोडल्यावर त्यातला अर्धा मुलाच्या हातात दिला की झालं, पुढच्या वर्षापासून स्लावा त्याच्या घरी. बापाने द्यायच्या आधीच डोळे मिटले, म्हणून देणं आईकडे आलं, आणि आई काही देईना. नेबोयशा दरवर्षी म्हणायचा, "आई, आता दे की माझ्याकडे. तू पाहुणीसारखी ये, बस, खा."

ती म्हणायची, "माझे हात कणीक मळताहेत तोवर निकोला ह्या अंगणातून हलायचा नाही."

मलाही तेच हवं होतं. संत गेला तर अंगणात उरणार काय? दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रा.

मग एका हिवाळ्यात तिची बोटं सुजली. सकाळी मूठ मिटेना, कॉफीच्या भांड्याचा दांडा धरवेना, बटण लावता येईना. सांधे लाल आणि गरम, कुणाला हात लावू द्यायची नाही. गावाने ताबडतोब निदान केलं: वारा. आमच्याकडे कुणाला काहीही झालं तरी ते समोरासमोरची दोन दारं उघडी राहून मधून वाहिलेल्या वाऱ्याने होतं. दात दुखला, वारा. मूल होईना, वारा. शेजारीण झागोर्का म्हणाली, "न्हाऊन ओल्या केसांनी अंगणात उभी होतीस तू रोसांदा, मी स्वतः बघितलंय." मी म्हटलं, कोल्ड स्टोरेजचा गारठा हाडांत मुरलाय. ते माझं स्वतःचं मत होतं आणि मला ते अजूनही पटतं.

त्या वर्षी स्लावाचा पाव बेकरीतून आला. चकचकीत, फुगीर, चवीला कापूस. रोसांदा स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. पाहुणे गेल्यावर नेबोयशा आत जाऊन म्हणाला, "आई, एक वर्ष बघू. पुढच्या निकोलाला तुला मळता आलं तर मी तोंड उघडणार नाही. नाही आलं तर अर्धा पाव माझा. कबूल?" तिने त्याच्या अंगावर भांडी पुसायचं फडकं फेकलं, पण कबूल केलं. म्हणजे संताचं राहणं-जाणं आता तिच्या बोटांवर आलं.

डॉक्टरीण तेओदोरा आमच्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झालेली पोर. तिने रक्त तपासायला पाठवलं. अंगात दाहाचा म्हणून एक आकडा असतो म्हणे, तो रोसांदाचा भलताच वर गेला होता.

"शरीर तुमच्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर धावून जातंय, मावशी," ती म्हणाली.

"का पण?"

"ते नक्की सांगता येत नाही."

"म्हणजे वाराही असू शकेल," मी म्हटलं.

डॉक्टरणीने कपाळाला हात लावला. मग तिने गोळी लिहून दिली. आठवड्यातून एकदाच, फक्त सोमवारी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल. मधून मधून रक्त तपासायचं, आणि दुसरं काहीही पोटात घालण्याआधी तिला विचारायचं.

"हा दाह म्हणजे इतकी वाईट गोष्ट आहे का गं?" रोसांदाने विचारलं.

"विस्तव वाईट असतो का, मावशी? चुलीत असला तर स्वयंपाक होतो. जखम भरते तीसुद्धा ह्याच विस्तवावर. तुमचा छपराला लागलाय, एवढंच."

रोसांदाला हे पटलं. मला नाही पटलं. विस्तव तो विस्तव, ओतावं पाणी आणि मोकळं व्हावं.

त्या दिवशी नेबोयशाचा फोन आला तेव्हा तिने गोळीचं नाव वाचून दाखवलं. त्याने ते इंटरनेटवर शोधलं आणि फोनवरच त्याचा आवाज फुटला. "आई, ही कॅन्सरवाल्यांना देतात. विष आहे ते. केस गळतात, यकृत जातं. तुला माझी शपथ आहे, बाबांच्या थडग्याची शपथ आहे, आत्ताच्या आत्ता फेकून दे." ती म्हणाली, टाकते. तो म्हणाला, शपथ घे. तिने त्याच्या बापाच्या थडग्याची शपथ घेतली. मी शेजारीच बसले होते. पाकीट तिने उचललं आणि कचऱ्याच्या डब्याकडे गेली, एवढं मी पाहिलं.

पुढच्याच बसने लिन्झहून पहिलं खोकं आलं.

अँटिऑक्सिडंट! हा शब्द आम्ही त्या वर्षी शिकलो आणि आता गावातली कोंबडीसुद्धा तो म्हणू शकेल. अंगात गंज चढतो, त्या गंजाने दाह होतो, आणि ह्या गोळ्या गंज खरवडून काढतात, असं नेबोयशाने समजावलं. द्राक्षाच्या बियांच्या कॅप्सूल. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. कसल्याशा पिवळ्या मुळाच्या पुडीच्या कॅप्सूल, ते मूळ हिंदुस्थानातून येतं, तिथले लोक म्हणे ते रोज आमटीत घालतात आणि तिकडे कुणाचे सांधेच दुखत नाहीत. मला हे खरं वाटलं नाही. एवढ्या मोठ्या देशात कुणाचाच गुडघा दुखत नाही? आणि कहर म्हणजे एका बाटलीत रासबेरीचा अर्क. ज्या फळाने हात गोठले त्याचीच पूड ऑस्ट्रियातून कॅप्सूल होऊन परत! रोसांदाने ती बाटली बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, "देठ नीट काढलेत का कुणास ठाऊक."

त्या रासबेरीच्या बाटलीच्या टोपणावर लाल नखपॉलिशचा ठिपका होता. नेबोयशाच्या छोट्या मुलीने, निकोलिनाने, काढलेला. आजीने ही आधी घ्यायची, असा त्याचा अर्थ होता.

बरं, आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आमची रीत. पूर्वी कॉफीचं पाकीट, संत्री, बिस्किटं न्यायचे. आता गाव सुधारलं. जो समाचाराला येई तो एक बाटली आणी. झागोर्काने तिच्या मळ्यातल्या काळ्या बोरांचा रस आणला, तो इतका तुरट की जीभ आत ओढली जाते. कुणी व्हिटॅमिन आणलं, कुणी मधमाश्यांच्या पोळ्यातला डिंक. पाद्रीबाबांच्या बायकोने सेलेनियम आणलं. ते काय असतं हे तिलाही माहीत नव्हतं. काचेच्या कपाटात लग्नातल्या कपबशांच्या पुढे बाटल्यांची फौज उभी राहिली.

आणि चमत्कार बघा, वसंत संपता संपता रोसांदाची मूठ मिटायला लागली. सूज ओसरली. आकडा उतरला. उन्हाळ्यात तिने मटार सोलले. पानगळीत एके दिवशी सकाळी मी उठून बघते तर बाई परातीत कणीक घेऊन उभी, आणि दोन्ही मुठींनी तिला अशी बदडतेय की जुनं वैर असावं. मी दारातच रडले. तिने मान न वळवता विचारलं, "रडायला काय झालं? कांदे चीर."

मग श्रेय घ्यायला रांग लागली. झागोर्का रस्त्यात सगळ्यांना सांगत सुटली की तिच्या रसाने बोटं सुटली. पाद्रीबाबांची बायको म्हणाली सेलेनियम. पाद्रीबाबा म्हणाले उपास. डॉक्टरीण म्हणाली गोळी, पण गोळी तर फेकून दिली होती ना! तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही, पण डोकं चालेना. रोसांदा तर ज्याला त्याला एकच सांगे: "देव तुझं भलं करो, तुझ्यामुळेच गुण आला." मुलाला तर रोज. फोन आला की तो विचारी, "गोळ्या घेतल्यास ना, आई?" ती म्हणे, "घेतल्या रे राजा. त्यानंच तर उभी आहे." तो खूश. तिकडे गेल्यापासून मी त्याचा आवाज इतका हलका कधी ऐकला नव्हता.

एक मात्र माझ्या लक्षात आलं होतं. पूर्वी तो फोन हातात धरून चालता चालता बोलायचा, घर दाखवायचा, रस्ता दाखवायचा. आता त्याचा फोन कुठेतरी टेकवून ठेवलेला असे आणि फक्त हनुवटी दिसे. "काकू, हात कामात आहेत," तो म्हणे. मला वाटलं, मोठा माणूस झाला.

नोव्हेंबरात माझा पाय मुरगळला. झागोर्का समाचाराला आली. पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "कोविल्का, ही घे, फार गुणकारी आहे. मी स्वतः घेते." मी बघते तर टोपणावर लाल ठिपका!

ती जाईपर्यंत मी कशीबशी थांबले. मग काठी टेकत अंगण ओलांडलं आणि बाटली रोसांदाच्या पुढ्यात आदळली. झाकणाचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं.

"ही काय भानगड आहे, जाऊबाई?"

तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुणी दिली?"

"झागोर्कानं."

"मी पाद्रीणबाईला दिली होती. तिचे डोळे आले होते तेव्हा." ती खांदे उडवून म्हणाली. "रिकाम्या हातानं कसं जायचं?"

"म्हणजे तू घेतल्या नाहीस?"

"हळू बोल."

"एकही नाही?"

"डॉक्टरीण म्हणाली होती, विचारल्याशिवाय काही मिसळू नकोस. आणि विचारायचं तरी किती? कपाट घेऊन जाऊ का तिच्याकडे?" तिने कॉफीचा डबा उघडला. कॉफीच्या खाली, रुमालात गुंडाळलेलं, सोमवारच्या गोळीचं पाकीट होतं.

"अगं, थडग्याची शपथ घेतली होतीस तू!"

"माहीत आहे. त्याला मी रोज जाऊन समजावते," ती म्हणाली. त्याला म्हणजे नवऱ्याला. कब्रस्तानात ती रोज का जाते हे मला तेव्हा कळलं.

"मग पोराला सांगून टाक."

"काय सांगू? तो रोज फोन करतो आणि विचारतो, गोळ्या घेतल्यास का. दुसरं काही विचारत नाही, त्याला सुचतच नाही. मी नाही म्हटलं, तर उद्या तो काय विचारेल?"

मला तिचा राग आला. खोटं बोलायचं ते बोलायचं, वर इतका भाव खायचा! मी बाटली घेऊन परत आले आणि माझ्या फडताळात ठेवली. टाकवेना. पोरीने ठिपका काढला होता.

मग निकोलाचा दिवस आला. पाव रोसांदाने मळला. खरं सांगते, असा पाव तिने ऐन तारुण्यातही केला नव्हता. वर द्राक्षाचा घड, गव्हाची लोंबी, एक छोटं पाखरू, सगळं कणकेचं. तिने तो टेबलावर ठेवला आणि नेबोयशाकडे असं बघितलं की हरलास ना, लेका.

नेबोयशा त्याच सकाळी बायकोपोरीसह आला होता. त्याच्या हातांत लोकरीचे हातमोजे होते, ते त्याने घरातही काढले नव्हते. "गाडीत हीटर बिघडलाय, अजून थंडी जात नाही," तो म्हणाला. आईने मोजे काढायला लावले असते, पण तिचं लक्ष पावाकडे. मीसुद्धा घेवड्याच्या हंड्यात अडकलेली. झागोर्का आली, डॉक्टरीण आली, खालची आळी आली. पाद्रीबाबांनी मेणबत्ती लावली, प्रार्थना म्हटली, पाव उलटा करून त्यावर चीर दिली आणि चिरेत लाल वाईन ओतली. आता तो पाव पाद्रीबाबांनी आणि घरच्या पुरुषाने मिळून धरायचा, गोल फिरवायचा, मग मोडायचा.

नेबोयशाने मोजे काढले आणि पाव धरला. एक वळण कसंबसं झालं. मग त्याच्या बाजूने पाव घसरला, टेबलाच्या कडेवर आपटला, आणि वाईन पांढऱ्या चादरीवर सांडली.

सगळ्यांनी छातीवर क्रूस काढला. झागोर्का कुजबुजली, "दार लावा कुणीतरी, वारा येतोय."

रोसांदा पुढे झाली. तिने मुलाचा हात उचलून उजेडात धरला. बोटांचे सांधे अक्रोडाएवढे, लाल, चकाकणारे. ती मूठ मिटत नव्हती. आम्हाला दोघींना तो हात ओळखीचा होता.

"कधीपासून?"

"काही नाही गं आई, काम जास्त झालं."

"कधीपासून, नेबोयशा?"

"इस्टरपासून."

"डॉक्टरकडे गेलास?"

"गेलो होतो. त्यानं पण तीच दिली. तुझी ती, सोमवारची."

"मग?"

तो हसला. त्या हसण्यात मला त्याचा बाप दिसला. "मी पण टाकली. म्हटलं, आई तिच्याशिवाय बरी झाली, मी का विष खाऊ? तुझ्याच कॅप्सूल घेतोय. दुप्पट घेतोय. तुला लगेच गुण आला, मला जरा वेळ लागतोय एवढंच."

रोसांदाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मी तिला इतक्या वर्षांत नवरा गेला तेव्हासुद्धा तशी पाहिली नव्हती. ती स्वयंपाकघरात गेली आणि कॉफीचा डबा घेऊन आली. रुमाल सोडला. गोळ्यांचं अर्धं रिकामं पाकीट सांडलेल्या वाईनशेजारी ठेवलं.

"मी टाकली नव्हती," ती म्हणाली.

कुणाला काही कळेना. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एक सोमवार चुकवला नाही मी. तुझ्या बाटलीतली एक कॅप्सूल खाल्ली नाही. कुणाचीच खाल्ली नाही."

"आणि माझा रस?" झागोर्का ओरडली.

"तुझा रस तुझ्याच नणंदेकडे गेला, तिच्या मुतखड्याला. गप्प बस आता. कोविल्का, तुझ्याकडची ती बाटली आण."

मी आणली. नेबोयशाने ती दोन्ही तळव्यांत धरली, बोटांनी धरवत नव्हती म्हणून. ठिपक्याकडे पाहिलं. सीलकडे पाहिलं. निकोलिना त्याच्या मांडीला खेटून उभी होती.

"तू बाबांची शपथ घेतली होतीस."

"खोटी घेतली."

"रोज फोनवर सांगत होतीस..."

"तू रोज तेच विचारत होतास रे! दुसरं काही विचारलंस का कधी? आणि तू काय सांगितलंस मला? हात कामात आहेत!" तिचा आवाज चिरला. "मला वाटलं, तुला बरं वाटतंय तर वाटू दे. एका बाटलीनं कुणाचं काय बिघडतंय."

त्याला राग आला होता की रडू, मला कळलं नाही. बहुतेक त्यालाही नाही. तो एवढंच म्हणाला, "मग तुला बरं वाटलं ते कशानं?"

"मला काय माहीत! डॉक्टरीण म्हणते गोळीनं. पाद्रीबाबा म्हणतात उपासानं. पण तुझ्या बाटलीनं नाही, एवढं नक्की. कारण ती मी उघडलीच नव्हती."

सगळे डॉक्टरणीकडे वळले. ती बिचारी घेवड्याची बशी हातात घेऊन उभी. "त्या कॅप्सूलनी दाह उतरतो की नाही, एकदा काय ते सांग," पाद्रीबाबा म्हणाले.

"काहींचा थोडा उतरतो, काहींचा मुळीच नाही. संशोधन दोन्ही सांगतं," ती म्हणाली. "पण नेबोयशा, सांधे एकदा वाकडे झाले की परत सरळ होत नाहीत. लिन्झला गेल्या गेल्या तुझ्या डॉक्टरकडे जा. आणि मावशी, तुमच्या पाकिटातली त्याला द्यायची नाही. त्याचं रक्त आधी तपासू दे."

रोसांदाचा हात पाकिटाकडे निघालाच होता. तो तिने मागे घेतला.

मग तिने जे केलं ते मला अजून नीट समजलेलं नाही. ती जिंकली होती. पाव तिने मळला होता, संत अंगणात राहणार होता, पोराने तसा शब्द दिला होता. तिने तो पाव उचलला, पाद्रीबाबांसमोर धरला, त्यांच्याबरोबर मोडला, आणि अर्धा मुलापुढे केला.

"घे."

"आई, तू तर मळलास."

"घे म्हणते ना."

"मला धरवत नाही."

"धरवत नाही? मग धरवेल असे हात कर. आता संत तुझ्या घरी आहे, घरच्या माणसाला हात लागतात. पुढच्या निकोलाला मी पाहुणी म्हणून येणार. तुझ्या हातून पाव पडला तर उपाशी परत जाईन, सांगून ठेवते."

तिने तो अर्धा पाव त्याच्या कोपरांच्या घडीत ठेवला. तान्हं मूल घ्यावं तसा तो उभा राहिला, शर्टाच्या बाहीवर वाईनचा डाग पसरत होता. कुणी जेवायला बसेना. शेवटी मीच ओरडले की घेवडा गार होतोय.

सगळे गेल्यावर मी रोसांदाशी भांडले. "मला विचारलंस? माझ्या अंगणातला संत तू असा देऊन टाकलास?" ती चादरीवरच्या डागावर मीठ चोळत होती. म्हणाली, "त्याच्याकडे काही धरायला पाहिजे, कोविल्का. गोळीसाठी तो गोळी घेणार नाही, पाव धरण्यासाठी घेईल." मग चादर पाण्यात टाकली. मी कांद्याची सालं गोळा केली.

यंदा ती लाकडी ठसा पिशवीत घालून बसने लिन्झला गेली. जन्मात पहिल्यांदा देशाबाहेर. मी तिला मधमाश्यांचा डिंक बरोबर दिला, रिकाम्या हाताने कसं जायचं.

निकोलाच्या दिवशी मी सकाळपासून घरात बसून होते. पाव नाही, मेणबत्ती नाही. दुपारी फोन वाजला.

"धरला का त्यानं?" मी आधी तेच विचारलं.

"धरला," रोसांदा म्हणाली. मागे गलका होता. "डावी बाजू जरा खाली गेली, थोडी वाईन सांडली. पण पडला नाही."

"म्हणजे गोळीचा गुण आला."

"मला काय विचारतेस? सून म्हणते तिच्या सुपाचा. निकोलिना म्हणते तिनं फुंकर घातली म्हणून. कोविल्का, रडतेस का गं?"

"कांदे चिरतेय," मी म्हटलं. चिरत नव्हते.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. खिडकीतून पाहिलं तर झागोर्का, तिच्यामागे पाद्रीणबाई, आणि फाटकाशी खालच्या आळीतले दोघे-तिघे. स्लावाला आमंत्रण नसतं, म्हणून संत गेला तरी येऊ नका असं सांगणारंही कुणी नसतं. झागोर्काच्या हातात बाटली होती. वसंतात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मीच दिलेली, लाल ठिपक्याची.

"कोण आलंय?" रोसांदाने तिकडून विचारलं.

"माणसं आलीत," मी म्हटलं. "सवयीनं."

ती म्हणाली, "मग त्यांना बाहेर का उभं केलंस? आत घे, दार लाव, वारा लागेल. आणि काहीतरी वाढ."

मी त्यांना आत घेतलं, दार लावलं आणि घेवड्याचा हंडा चुलीवर चढवला.